हाडात कर्करोग पसरला का? एकाच प्रश्नाची चार चित्रे

उज्जैनच्या देवास गेट बसस्थानकावर सकाळी इंदूरच्या गाडीची वाट पाहणाऱ्यांत काही माणसे पाहताक्षणी वेगळी ओळखू येतात. त्यांच्या हातात प्रवासाची पिशवी नसते. मोठे, जाड कागदी पाकीट त्यांनी छातीशी धरलेले असते, आणि ते दुमडू नये म्हणून बसच्या गर्दीतही ते उभेच धरण्याची त्यांची धडपड चाललेली असते. त्या पाकिटात एक्स-रेची, सीटीची, एमआरआयची चित्रे असतात. पंचावन्न किलोमीटरवरच्या इंदूरला मोठ्या डॉक्टरांना ती दाखवायची असतात. गेल्या हिवाळ्यात या माणसांत माझी मावशीही होती.

गोव्यातल्या वाचकाला उज्जैन लांबचे वाटेल, पण मराठी माणसाला ते परके नाही. अठराव्या शतकात शिंद्यांची सत्ता माळव्यात आली आणि १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरला राजधानी नेईपर्यंत उज्जैन हेच त्यांचे ठाणे होते. महाकाळेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार करणारे राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी हे तर आपल्याच कोकणपट्टीच्या नात्यातले. त्या काळापासून तिथे रुजलेली मराठी घरे आजही आहेत. मावशी लग्न होऊन अशाच एका घरात गेली. देवास गेटपासून चालत दहा मिनिटांवर तिचे घर आहे.

सहा वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला होता. शस्त्रक्रिया झाली, औषधे झाली, ती बरी झाली. मागच्या वर्षी कंबर दुखू लागली. दोन महिने तेल, शेक, गोळ्या झाल्या. मग एक्स-रे काढला. त्यात वयानुसार झीज, बाकी काही नाही, असे लिहून आले. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. तरीही तिच्या डॉक्टरांनी बोन स्कॅन करायला सांगितला आणि त्यात तीन ठिकाणी डाग दिसले. मग एमआरआय सांगितला. मी भेटायला गेलो तेव्हा तिने तिन्ही पाकिटे माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "एक कागद म्हणतो काही नाही, दुसरा म्हणतो तीन डाग आहेत. यातलं खोटं कोण बोलतंय, सांग बघू."

हाच प्रश्न म्हापशात, मडगावात, फोंड्यातही अनेक घरांत विचारला जातो. कधी त्यापाठोपाठ संशय येतो, की डॉक्टर उगाच तपासण्या करायला लावतात. कधी त्याहून घातक गोष्ट घडते. पहिला अहवाल चांगला आला म्हणून पुढची तपासणीच केली जात नाही. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यायला हवे. थोडक्यात उत्तर असे, की खोटे कोणीच बोलत नाही. या तपासण्या एकाच हाडाकडे पाहत असल्या तरी त्या हाडातली निरनिराळी गोष्ट पाहत असतात.

हाड म्हणजे सतत चालू असलेले बांधकाम

हाड आपल्याला दगडासारखे स्थिर वाटते. प्रत्यक्षात ते आयुष्यभर मोडत आणि बांधले जात असते. काही पेशी जुने हाड विरघळवतात, काही पेशी त्याच जागी नवे हाड रचतात. हाडाच्या आत अस्थिमज्जा असते, तिथे रक्तपेशी तयार होतात आणि तिथला रक्तपुरवठा भरपूर असतो. मूळ अवयवातून सुटलेल्या कर्करोगाच्या पेशी रक्ताबरोबर फिरत या मज्जेत येऊन थांबतात.

सगळेच कर्करोग हाडाकडे सारख्या ओढीने जात नाहीत. स्तन, प्रोस्टेट, फुफ्फुस, मूत्रपिंड आणि थायरॉइड या पाच अवयवांचे कर्करोग हाडात पसरण्याचे प्रमाण मोठे आहे. लंडनचे शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ साली स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कर्करोग शरीरात कुठेही योगायोगाने रुजत नाही, बीला मानवणारी मातीच लागते, असे मत त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. सव्वाशेहून अधिक वर्षांनंतरही त्यांची ही बी आणि मातीची कल्पना टिकून आहे. पाठीचे मणके, कटीची हाडे, बरगड्या, कवटी, मांडीच्या आणि दंडाच्या हाडांची वरची टोके या जागी मज्जा अधिक, म्हणून रुजणेही तिथे अधिक.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. स्तनाचा कर्करोग मणक्यात पसरला, तर त्याला हाडाचा कर्करोग म्हणत नाहीत. ती गाठ स्तनाच्याच पेशींची असते आणि तिच्यावर उपचारही स्तनाच्या कर्करोगाचेच होतात.

रुजलेल्या पेशी पुढे दोन प्रकारे वागतात. काही कर्करोग हाड विरघळवणाऱ्या पेशींना चिथावतात आणि हाडाला पोखरून टाकतात. मूत्रपिंडाचे आणि थायरॉइडचे कर्करोग बहुधा असे. काही कर्करोग हाड रचणाऱ्या पेशींना चिथावतात. मग तिथे वेडेवाकडे, घट्ट पण ठिसूळ हाड साचते. प्रोस्टेटचा कर्करोग बहुधा असा. स्तनाच्या कर्करोगात दोन्ही प्रकार आढळतात. कोणती तपासणी कुठे चुकते, हे समजायला एवढा फरक ध्यानात ठेवणे पुरेसे आहे.

एक्स-रे आणि सीटी: हाडातला चुना

विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरणांचा शोध लागला आणि त्याच डिसेंबरात त्यांनी पत्नीच्या हाताचे चित्र काढले. त्या चित्रात बोटांची हाडे आणि अंगठी दिसते. एक्स-रे आजही तेच दाखवतो. किरण जिथे अडतात तो भाग पांढरा उमटतो, आणि किरणांना अडवते ते हाडातले कॅल्शियम. म्हणजे एक्स-रे हाडातला चुना पाहतो.

त्याची मर्यादाही इथेच आहे. मणक्यातल्या एखाद्या भागातले तीस ते पन्नास टक्के खनिज नाहीसे होईपर्यंत साध्या एक्स-रेवर फरक दिसेलच असे नाही. मज्जेत कर्करोग रुजलेला असतो, पण भिंती अजून उभ्या असतात, आणि चित्र स्वच्छ येते. मावशीच्या पहिल्या पाकिटात हेच घडले होते. एक्स-रेने तिला फसवले नव्हते. त्याला विचारलेल्या प्रश्नाचे, चुना शाबूत आहे का याचे, उत्तर त्याने बरोबर दिले होते.

मग एक्स-रे काढायचाच कशाला? कारण तो स्वस्त आहे, प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी मिळतो, आणि एका बाबतीत तो फार मोलाचा आहे. मांडीचे हाड पोखरले गेले असेल आणि ते कधीही मोडेल अशी भीती असेल, तर एक्स-रे पाहून अस्थिशल्यविशारद आधीच सळई घालण्याचा निर्णय घेऊ शकतात.

सीटी स्कॅन हा एक्स-रेचाच पुढचा अवतार. शरीराभोवती फिरणाऱ्या किरणांतून संगणक आडवे काप तयार करतो. १९७१ साली लंडनमध्ये गॉडफ्रे हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाची अशी तपासणी झाली. सीटीत हाडाची बाहेरची भिंत, बारीक तडे, पोखरलेली पोकळी स्पष्ट दिसते. सुई नेमकी कुठे घालून तुकडा काढायचा, हे ठरवतानाही सीटी उपयोगी पडते. पण मज्जेतली सुरुवात तिलाही बहुधा दिसत नाही.

बोन स्कॅन: दुरुस्ती कुठे चालली आहे

दुसरे पाकीट बोन स्कॅनचे. त्यात काळ्या ठिपक्यांनी रेखाटलेला आख्खा सांगाडा पुढून आणि मागून दिसतो. ही तपासणी वेगळ्याच तत्त्वावर चालते. दंडाच्या शिरेतून टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा देतात. ते एका फॉस्फेटसारख्या संयुगाला जोडलेले असते. जिथे नवे हाड रचले जात असते, तिथे हे संयुग जाऊन चिकटते. दोन ते चार तासांनी रुग्ण कॅमेऱ्याखाली झोपतो. या तपासणीत किरण यंत्रातून शरीरात जात नाहीत, ते शरीरातून बाहेर येतात आणि कॅमेरा ते टिपतो.

टेक्नेशियम हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतल्या पालेर्मो येथे एमिलिओ सेग्रे आणि कार्लो पेरिए यांनी शोधले. प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या घडवलेले हे पहिले मूलद्रव्य, म्हणून ग्रीक भाषेतल्या 'कृत्रिम' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. त्याचा ९९एम हा प्रकार दर सहा तासांनी निम्मा होतो. म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, आणि बराचसा भाग त्याआधीच लघवीवाटे निघून जातो. ते हाडापर्यंत नेणारे फॉस्फेटचे संयुग अमेरिकेत १९७१ साली गोपाळ सुब्रमण्यम आणि जॉन मॅकाफी यांनी पुढे आणले. आज सर्रास वापरले जाणारे एमडीपी हे संयुगही सुब्रमण्यम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९७५ मध्ये मांडले. बोन स्कॅनच्या पायात असा एका भारतीयाचा हात आहे.

भारतात या शाखेचे माहेर मुंबईचे परळ. भाभा अणुसंशोधन केंद्राने १९६३ साली तिथे, टाटा स्मारक रुग्णालयाच्या शेजारी, रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू केले. पणजीहून, सावंतवाडीहून रात्रीच्या गाडीने परळला जाऊन आलेले रुग्ण आपल्याकडे जवळपास प्रत्येक गावात भेटतील.

बोन स्कॅनची मोठी सोय अशी, की एकाच वेळी डोक्यापासून पायापर्यंत सारी हाडे पाहता येतात, आणि खर्च एमआरआय किंवा पेट-सीटीच्या मानाने कमी असतो. एक्स-रेवर काही दिसण्याच्या कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने आधी डाग दिसू शकतो. मात्र या तपासणीला कर्करोग दिसत नाही. तिला दिसते ती हाडाची दुरुस्ती. दुरुस्ती तर पडल्यावर मोडलेल्या बरगडीतही होते, संधिवाताने झिजलेल्या गुडघ्यातही होते, आणि जंतुसंसर्गातही होते. म्हणून डाग दिसला म्हणजे कर्करोग पसरला, असे नव्हे. विशेषतः बरगडीवरचा एकटा डाग पुष्कळदा निरुपद्रवी निघतो.

याच्या उलटही घडते. जो रोग हाड नुसते पोखरतो, दुरुस्ती होऊच देत नाही, तो बोन स्कॅनमधून निसटू शकतो. मल्टिपल मायलोमा हा मज्जेतल्या पेशींचा कर्करोग याचे ठळक उदाहरण. त्या रोगात म्हणूनच बोन स्कॅनवर विसंबत नाहीत.

आणखी एक चकवा रुग्णांना फार घाबरवतो. उपचार लागू पडले की मोडलेली जागा जोमाने भरून येऊ लागते, आणि पहिल्या काही आठवड्यांत, साधारण तीन महिन्यांपर्यंत, स्कॅनमधले डाग अधिक गडद दिसू शकतात. रोग हटत असतो आणि चित्र बिघडलेले दिसते. अनुभवी डॉक्टर अशा वेळी घाईने औषध बदलत नाहीत. दुखणे कमी आहे का, रक्ततपासणी काय सांगते, हे पाहून पुन्हा तपासतात.

हल्ली बोन स्कॅनला सीटीची जोड देणारी स्पेक्ट-सीटी यंत्रे आली आहेत. डाग नेमका मणक्याच्या मुख्य भागात आहे की मागच्या सांध्यात, हे त्यांत कळते. सांध्यातला असेल तर बहुधा झीज, मुख्य भागातला असेल तर संशय अधिक.

एमआरआय: मज्जेत डोकावणारा डोळा

एमआरआयमध्ये क्ष-किरण नाहीत, किरणोत्सारी द्रव्यही नाही. बलवान चुंबक आणि रेडिओलहरी यांच्या साहाय्याने शरीरातल्या पाण्याच्या आणि मेदाच्या कणांकडून येणारे संकेत यंत्र टिपते. प्रौढ माणसाच्या मज्जेत मेद पुष्कळ असतो. कर्करोगाच्या पेशी तिथे शिरल्या की मेदाची जागा त्या घेतात, आणि चित्रातला उजळ भाग काळवंडतो. भिंत पडण्याची किंवा दुरुस्ती सुरू होण्याची वाट एमआरआयला पाहावी लागत नाही. पाहुणा घरात शिरल्याचे त्याला थेट दिसते. मणक्यांच्या बाबतीत तो बोन स्कॅनपेक्षा अधिक संवेदनशील आहे.

त्याचे दुसरे मोल तर जीवनमरणाइतके मोठे आहे. मणक्यातली गाठ मागे सरकून मज्जारज्जूवर दाब आणते आहे का, हे सर्वांत स्पष्ट एमआरआयमध्येच दिसते. हा दाब वेळीच ओळखला नाही तर पाय कायमचे लुळे पडू शकतात. ज्यांना पूर्वी कर्करोग झाला आहे अशा व्यक्तीच्या पाठदुखीबरोबर पायांत अशक्तपणा आला, चालताना तोल जाऊ लागला, बैठकीच्या भागात बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटू लागला, तर ही तातडीची अवस्था आहे. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशा रुग्णाचा पूर्ण मणक्याचा एमआरआय २४ तासांच्या आत व्हायला हवा. अशी लक्षणे नसतील, पण दुखणे पसरलेल्या कर्करोगाचे वाटत असेल, तर एका आठवड्याच्या आत. रात्री आडवे झाल्यावर वाढणारी, खोकताना-शिंकताना कळ नेणारी पाठदुखी या दुसऱ्या गटात मोडते. त्या दिवशी तालुक्याच्या इस्पितळातला एक्स-रे स्वच्छ आला असला, तरी त्यावर समाधान मानून घरी परतू नये.

एमआरआयला वेळ लागतो. अर्धा-पाऊण तास बोगद्यासारख्या यंत्रात हालचाल न करता पडून राहावे लागते, आवाजही मोठा असतो. पेसमेकर किंवा शरीरात बसवलेले धातूचे कोणतेही उपकरण असेल तर ते आधी सांगणे अत्यावश्यक आहे. संपूर्ण शरीराचा एमआरआयही करता येतो, पण तो सगळीकडे उपलब्ध नाही.

पेट-सीटी: पेशींची भूक

चौथे चित्र पेट-सीटीचे. कर्करोगाच्या पुष्कळ पेशी साखर अधाशीपणे खातात. म्हणून साखरेसारख्या द्रव्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सारी अणू जोडून ते शिरेतून देतात. त्याला एफडीजी म्हणतात. ते जिथे साचते, तो भाग चित्रात पेटलेला दिसतो, आणि सोबतच्या सीटीमुळे त्याची नेमकी जागा कळते. पेट-सीटीला हाडाबरोबर यकृत, फुफ्फुस, लसीकाग्रंथी असे सारेच अवयव एका फेरीत दिसतात.

फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात तयार करावे लागते, आणि तिथून चार तासांच्या रस्त्यावर न्यायचे तर पोहोचेपर्यंत पाव हिस्साही उरत नाही. लहान गावात पेट-सीटी का नाही, याचे निम्मे उत्तर या घड्याळात आहे. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली परळच्या त्याच केंद्रात सुरू झाला.

साखरेचे हे पेट हाड पोखरणाऱ्या आणि मज्जेतल्या गाठींसाठी उत्तम. पण घट्ट, चुना साचलेल्या जागी पेशी कमी असतात, तिथे ते कमी पडू शकते. प्रोस्टेटचा कर्करोग तर बहुधा साखरेचा फारसा भुकेला नसतो. त्यासाठी अलीकडे पीएसएमए पेट वापरतात. प्रोस्टेटच्या कर्करोगपेशींच्या अंगावर असलेल्या एका प्रथिनाला चिकटणारे द्रव्य त्यात देतात. २०२० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात, धोका अधिक असलेल्या ३०२ पुरुषांची दोन्ही पद्धतींनी तुलना झाली. कर्करोग लसीकाग्रंथींत किंवा दूरवर पसरला आहे का, हे ओळखण्यात सीटी आणि बोन स्कॅन यांची जोडी ६५ टक्के अचूक ठरली, पीएसएमए पेट-सीटी ९२ टक्के. हा फरक लहान नाही. तरी हे द्रव्यही कधी कधी बरगडीतल्या निरुपद्रवी जागेत साचते, म्हणून तिथेही सावधपणे वाचन करावे लागते.

किरणांची भीती आणि तयारी

"एवढे किरण अंगात घेऊन अपाय होणार नाही का?" हा प्रश्न रास्त आहे. निसर्गातून माणसाला वर्षाला जगाच्या सरासरीने सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. एका बोन स्कॅनचा वाटा साधारण ४ ते ५ मिलिसिव्हर्ट, म्हणजे दोन वर्षांचा. पेट-सीटीचा वाटा सीटी कशी केली यावर अवलंबून १० ते २५ च्या आसपास जाऊ शकतो. एमआरआयचा शून्य. खरी गरज असताना हा धोका फायद्याच्या मानाने लहान आहे. गरज नसताना मात्र तो विनाकारण घेतलेला धोका आहे.

तयारीच्या गोष्टी साध्या आहेत. बोन स्कॅनला उपाशी राहावे लागत नाही. इंजेक्शननंतर भरपूर पाणी प्यावे, कॅमेऱ्याखाली जाण्यापूर्वी लघवी करून यावे, आणि त्या दिवशी तान्ही बाळे व गर्भवती स्त्रिया यांच्यापासून थोडे अंतर ठेवावे. पेट-सीटीपूर्वी साधारण सहा तास उपाशी राहावे लागते. मधुमेह असल्यास गोळ्या-इन्सुलिन कसे घ्यायचे ते आधीच विचारावे, कारण रक्तातली साखर वाढलेली असली की चित्र बिघडते. गर्भधारणेची शक्यता असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर कोणत्याही तपासणीपूर्वी ते सांगावे.

कोणती तपासणी केव्हा?

याचे एकच उत्तर नाही, पण दिशा सांगता येते. स्तनाचा कर्करोग अगदी सुरुवातीच्या अवस्थेत सापडला आहे आणि कसलेही दुखणे नाही, अशा वेळी हाडे तपासायची गरज बहुधा नसते. प्रोस्टेटच्या कमी धोक्याच्या कर्करोगातही तेच. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ सालीच अशा रुग्णांना पेट, सीटी, बोन स्कॅन करायला लावू नये, असे आपल्या सदस्यांना सांगितले. रोग नसताना एखादा निरर्थक डाग सापडतो आणि त्याचा पाठपुरावा करण्यात पैसा, झोप आणि कधी एक नको असलेली शस्त्रक्रिया खर्ची पडते.

दुखणे असेल, रक्तातले कॅल्शियम किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज वाढलेले असेल, किंवा मूळ रोगच पुढच्या अवस्थेत असेल, तर तपासणी टाळू नये. स्तनाच्या कर्करोगात सीटीसह बोन स्कॅन किंवा पेट-सीटी, प्रोस्टेटमध्ये बोन स्कॅन किंवा मिळत असल्यास पीएसएमए पेट, मायलोमात कमी मात्रेची सीटी, पेट किंवा एमआरआय, आणि मणक्याचा किंवा मज्जारज्जूचा प्रश्न असेल तर विनाविलंब एमआरआय, असा साधारण क्रम असतो. पहिल्यांदाच, आणि त्यातही एकाच जागी डाग दिसला असेल, तर शेवटचा शब्द चित्राचा नसतो. सुईने तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच खात्री होते.

अहवालातले काही शब्द घरच्या माणसांना विनाकारण रडवतात किंवा हसवतात. 'डीजनरेटिव्ह' म्हणजे वयाची झीज. 'लिटिक' म्हणजे पोखरलेले, 'स्क्लेरोटिक' म्हणजे घट्ट झालेले; हे दोन्ही शब्द नुसते वर्णन करतात, निदान नव्हे. 'इन्डिटरमिनेट' म्हणजे चित्र पाहणाऱ्या डॉक्टरला ठामपणे सांगता आलेले नाही. 'क्लिनिकल कोरिलेशन' सुचवले असेल तर त्याचा अर्थ असा, की हे चित्र रुग्णाला तपासलेल्या डॉक्टरांपुढेच ठेवा, शेजाऱ्यापुढे नको. डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही दोनच आहेत. ही तपासणी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे? आणि ते उत्तर हो किंवा नाही आले, तर उपचारांत काय बदलणार? दुसऱ्या प्रश्नाला 'काही नाही' असे उत्तर मिळाले, तर ती तपासणी थांबवता येते का, हेही विचारावे. आणि जुनी चित्रे कधीही टाकून देऊ नयेत. नव्या डागाचा अर्थ पुष्कळदा जुन्या चित्राशेजारी ठेवल्यावरच लागतो.

तीन पाकिटांचा निकाल

मावशीच्या तीन डागांपैकी गुडघ्यातला संधिवाताचा निघाला. बरगडीतला डाग दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडल्याचा होता. सीटीत जुळलेला तडा दिसला. कमरेच्या मणक्यातला मात्र एमआरआयने खरा ठरवला, आणि सुईच्या तुकड्याने त्यावर शिक्कामोर्तब केले. मज्जारज्जूवर अजून दाब नव्हता. पहिल्या पाकिटावर विसंबून घरी बसलो असतो, तर तो आला असता की नाही, हे कोण सांगणार!

हाडात पसरलेला कर्करोग बहुतेकांच्या बाबतीत समूळ जात नाही, हे कटू सत्य लपवण्यात अर्थ नाही. पण आता त्याच्यासह वर्षानुवर्षे चालतेबोलते राहणारे रुग्ण पुष्कळ आहेत. हाड मोडू नये म्हणून झोलेड्रोनिक आम्लाची किंवा डेनोसुमॅबची इंजेक्शने आहेत, मूळ रोगावर संप्रेरकांची औषधे आहेत. दुखऱ्या हाडावर किरणोपचाराचा ८ ग्रेचा एकच डोस पुष्कळांना वेदनेपासून तितकाच आराम देतो, जितका अनेक दिवसांच्या फेऱ्या देतात. देवास गेटहून इंदूरला बसने खेपा घालणाऱ्या माणसाला, किंवा काणकोणहून बांबोळीला जाणाऱ्याला, ही माहिती पुष्कळ दिवस वाचवणारी आहे.

मावशीला तो एकच डोस मिळाला. तीन आठवड्यांनी ती रात्री कूस बदलून झोपू लागली. परवा फोनवर तिने सांगितले, की पुढच्या महिन्यात पुन्हा स्कॅन आहे. तिन्ही जुनी पाकिटे तिने कपाटात अंथरुणाखाली सपाट ठेवली आहेत. "दुमडायची नाहीत," ती म्हणाली. "नव्याच्या शेजारी जुनं लावूनच बघतात ना ते."